दगडू सुताराची खबर

गावाच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी एका निवृत्त गुरुजींनी मोडीतून उतरवून पुस्तक छापलं होतं. वंशावळ जुळवायला आलेल्या विश्राम देशमान्यांनी त्यात १९१८ चा ऑक्टोबर काढला. पणजोबा, पणजी आणि पणजोबांचा भाऊ, तिघंही एकाच आठवड्यात साथीच्या तापानं गेलेले.

"आजोबा तेव्हा दोन वर्षांचे. त्यांना त्यांच्या या काकांनीच वाढवलं, असं आम्ही ऐकत आलो," देशमाने म्हणाले.

गुरुजींनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिन्ही मृत्यूंची खबर दगडू सुतारानं दिली होती. "त्याची नात आहे अजून. चला."

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "आमच्या आजीनं एक पोर वाढवलं होतं. पंधराव्या वर्षी मुंबईला गेलं, ते परत आलंच नाही. आजी शेवटपर्यंत वाट बघायची."

आजोबांनी घरी दगडू सुताराचं नाव कधीच काढलं नव्हतं. देशमान्यांनी मान खाली घालून वंशावळीचा कागद उलगडला आणि आजोबांच्या नावाच्या वर मोकळी जागा शोधली.

"आजीचं नाव काय हो? पुस्तकात नाही."

"भागीरथी," म्हातारी म्हणाली. "नीट लिहा."