पहिली प्रत

मुफ्ती इद्रीस यांनी फतव्यावर सही केली, शिक्का मारला आणि कागद शोभाताईंपुढे धरला. "घ्या. आता तुमच्या सुया घेऊ नका, असं कुणी म्हणणार नाही."

शोभाताई मोमिनपुऱ्याजवळच्या एका केंद्रात काम करत. नशेचं इंजेक्शन घेणाऱ्या पोरांकडून वापरलेली सुई परत घ्यायची आणि कोरी द्यायची. एकाची सुई दुसऱ्यानं टोचली की एचआयव्हीही त्याच्या अंगात जातो, तो रोखायचा. या एका कागदासाठी त्यांनी चार वर्षं खेटे घातले होते. त्यांनी तो दोनदा वाचला आणि डोळ्यांना पदर लावला.

फतवा सरळ होता. नशा हराम, त्यात सूट नाही. पण ती सुटेपर्यंत माणूस जगला पाहिजे. दोन नुकसानांपैकी एक टळणारच नसेल, तर लहान नुकसान पत्करून जीव वाचवावा. हा नियम मुफ्तीसाहेबांना तरुणपणापासून तोंडपाठ होता. तो इथेही लागू होतो हे कबूल करायला मात्र त्यांना चार वर्षं लागली. आता मशिदीच्या कमिटीतली मंडळी तोंडसुख घेतील. घेऊ देत.

"एक प्रत मला लागेल," ते म्हणाले. "मुनीरसाठी. तो येतो ना तुमच्याकडे?"

"मुनीर वेल्डर? आधी येत होता," शोभाताई म्हणाल्या. "मंग एकदम बंदच झाला. मले वाटलं, सुटली असंन त्याची."

मुफ्तीसाहेबांना बरं वाटलं. हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारला तो मुनीरनंच. एकदा तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर तो मागे थांबला होता. रक्ताची तपासणी केली होती, साफ निघाली होती. नशा सुटत नव्हती. केंद्रातली कोरी सुई घेऊ की नको, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. मुफ्तीसाहेबांनी एकही किताब न उघडता सांगून टाकलं होतं, "हरामला मदत करील ते हराम. त्या पायरीवर पाय ठेवू नकोस." मुनीर सलाम करून निघून गेला. ते उत्तर पुढे मुफ्तीसाहेबांना फार सललं. पोरं आपलं कुठे ऐकतात, असं म्हणून ते मनाची समजूत घालत.

प्रत घेऊन ते स्वतःच मुनीरच्या घरी निघाले. चुकीची कबुली निरोपानं द्यायची नसते, एवढं त्यांना कळत होतं.

दार मुनीरच्या आईनं, हमीदाबींनी उघडलं. त्या मूळच्या कन्हानच्या, बोलणं अजून तिकडचंच. मुफ्तीसाहेबांना दारात पाहून त्यांनी घाईनं डोक्यावर पदर घेतला आणि खुर्ची पुसून पुढे ठेवली.

"मुनीरला बोलवा," कागद पुढे करत मुफ्तीसाहेब म्हणाले. "त्याला सांगायचंय, माझं चुकलं होतं."

हमीदाबींनी कागद घेतला नाही. "त्याले जाऊन आठ महिने झाले जी. एड्स झाला होता. इथं कोणाले सांगाची लाज वाटली, म्हणून कन्हानले नेऊन मिट्टी देली."

मुफ्तीसाहेब खुर्चीत बसले. चष्मा काढून ते डोळे पुसू लागले.

हमीदाबींना वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्या नशेबाज पोरासाठी रडतो आहे, तर त्यांना त्याची एखादी चांगली गोष्ट सांगावी.

"दोस्ताची सुई पाण्यानं धुवे आन् तेच टोचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणो, जाय न बापा त्या ताईकडे, नवीन घेऊन ये. तर म्हणे, नाही अम्मा, मुफ्तीसाहेबानं मना केलं. मरेपर्यंत त्या पायरीवर पाय नाही ठेवला त्यानं. त्याच्यासाठी दुआ करा जी. जिंदगीभर कोणाचंच आयकलं नाही पोरानं. फक्त तुमचं आयकलं."