मनगटातली हाक

पोलादी पातं मनगटाच्या आतल्या बाजूने सरकलं आणि मध्येच खरखरलं.

"इथे आहे गाठ," थेरपिस्टबाई म्हणाल्या आणि तिथूनच पुन्हा हळूच ओढलं. पात्याला धार नव्हती. हाताएवढं, गुळगुळीत, किंचित वळलेलं. गार पोलाद लागलं की माणूस दचकतो, म्हणून बाई ते आधी कोमट पाण्यात बुडवून घेत. कातडीखाली कुठे काय आखडलंय ते बोटांच्या आधी पात्याला कळतं, असं त्यांचं ठाम मत. आणि मताच्या बाबतीत बाई कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या.

टेबलावर म्हातारे सुतार आडवे झाले होते. पडद्यातून गाळलेलं दुपारचं ऊन, मलमाचा मंद वास. त्यांचे डोळे जड होत चालले होते. ते जन्मापासून बहिरे. बोलायचे हातांनी, आणि भरभरून. शिडीवरून पडून उजवं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, पण मनगट काही सुटलं नाही. आठ महिने झाले. डाव्या हाताने बोलायला गेले की शब्द बोबडे यायचे आणि त्यांना लाज वाटायची. शेवटी सगळं मान हलवण्यावर आलं.

त्यांची मुलगी एरवी बाहेर थांबायची. आज बाहेर रंगकाम चालू होतं, म्हणून आत स्टुलावर बसली होती. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, "मॅडम, हातोडी नाही धरता आली तरी चालेल. मला एवढंच हवंय." आणि अंगठा गालावर टेकवून मनगट दोनदा फिरवलं होतं. लहानपणी तिच्या गालाला खळी पडायची. ती खूण हेच तिचं घरातलं नाव. आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं.

सुतारांचा डोळा लागला आणि रोजच्यासारखी त्यांची बोटं चाळवायला लागली. बाईंनी सवयीने पट्टा उचलला. पात्याखाली हात हलता कामा नये, हा त्यांचा नियम. तीन आठवडे त्या ही बोटं अशीच बांधून टाकत होत्या.

"बांधू नका!" मुलगी ओरडलीच. "बोलतायत ते."

"झोपेत?"

"आईशी." ती वाकून बघत राहिली. "माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतायत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे आपण या माणसाचं तोंड बांधत होतो! त्यांनी पट्टा खिशात कोंबला. पातं पुन्हा कोमट करून घेतलं. आता हात जिकडे जाईल तिकडे त्याच्या मागोमाग पातं जात होतं. बाईंनी इतकं कुणाचं ऐकलं नव्हतं. खरखर कमी होत गेली.

मग हात पात्याखालून निसटला आणि वर उठला. सावकाश, पाण्यातून वर यावा तसा. अंगठा गालावर टेकला. मनगट एकदा फिरलं, अडलं, थरथरलं, आणि दुसऱ्यांदा फिरलं.

सुतारांचे डोळे मिटलेलेच होते.

ज्यांनी जन्मात कधी तिचा आवाज ऐकला नव्हता, त्या बाबांच्या हाकेला मुलीने मोठ्याने ओ दिली.