दत्तोबाचा बाप्तिस्मा

हॅन्सनने उजवा हात वर केला आणि दत्तोबाचं पूर्ण नाव उच्चारलं. दोघेही कमरेइतक्या पाण्यात उभे होते. दोघांच्या अंगावर पांढरे कपडे. पवना नदीवर धुकं इतकं दाट होतं, की पलीकडचं चिंचवड दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. देवळातली घंटा, कुणीतरी धुणं आपटतंय. क्षणभर हॅन्सनला वाटलं, आपण अमेरिकेत, आपल्या गावच्या तळ्यातच उभे आहोत आणि काठावर वडील आहेत.

काठावर त्याचा जोडीदार पार्क होता, कोरडे टॉवेल घेऊन. जरा लांब, बाभळीखाली, दत्तोबाची बायको इंद्रायणी बसली होती. मांडीवर गाठोडं होतं. नवऱ्याचं डोकं पाण्याखाली गेलं आणि तो ख्रिस्ती झाला, की ती उठून देहूला भावाकडे जाणार होती. कायमची. तसं तिने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, न रडता.

हॅन्सन एकवीस वर्षांचा होता. मॉर्मन पंथातले तरुण दोन वर्षं घरदार सोडून आपला धर्म सांगत फिरतात. तसा तो थेरगावात येऊन राहिला होता. पहाटे उठून धर्मग्रंथ वाचायचा, गुडघे टेकून प्रार्थना करायची, पांढरा शर्ट चढवून टाय बांधायचा आणि पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यापासून निगडीच्या मळ्यांपर्यंत पार्कबरोबर सायकल हाणायची. लोक त्याला हंसराव म्हणत. प्रेमाने ओटीवर बसवत. मग चहा पुढे येई, आणि त्याच्या धर्मात चहा वर्ज्य. तो हात जोडे, घरच्या बाईचा चेहरा पडे आणि बोलणं तिथंच संपे. दोन वर्षं सरत आली, पण एकाही माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. ब्राझीलला गेलेल्या चुलतभावाने चौदा जणांना दिला होता. वडील प्रत्येक पत्रात ते लिहीत. तुझं काय, हे मात्र कधी विचारत नसत.

दत्तोबा म्हातारा नावाडी होता. श्रावणात नावेचा गंजका खिळा त्याच्या पायात घुसला आणि पाय काळानिळा पडला. हॅन्सनने त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पुण्याच्या दवाखान्यात नेलं. पुढे चाळीस दिवस रोज घरी जाऊन पट्टी बदलली. त्या चाळीस दिवसांत त्याने येशूचं नावही काढलं नाही. जखमेच्या त्या वासापुढे ते सुचलंच नव्हतं.

आणि गेल्या आठवड्यात दत्तोबाच आपल्या पायांनी खोलीवर आला. म्हणाला, "सायेब, मला घ्या तुमच्यात."

हॅन्सनने त्याला सहा दिवस धडे दिले. प्रत्येक वाक्याला दत्तोबा "व्हय" म्हणत गेला.

आता चार वाक्यं म्हणायची राहिली होती. ती पाठ होती. पण दत्तोबाची नजर बाभळीकडे होती.

"दत्तोबा, तुमचा विश्वास आहे ना?" त्याने हळूच विचारलं.

"हाय की."

"कोणावर?"

"तुज्यावर." म्हातारा पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत होता. "पोरा, येवढ्या लांबनं आलास आन् रिकाम्या हातानं घरी जानार. मला बघवंना. माज्यापाशी द्यायला दुसरं हाय काय?"

"आणि इंद्रायणीमावशी जातील, त्याचं?"

"जाईल," दत्तोबा म्हणाला. "मी मन घट केलंय."

धुकं दोघांच्या खांद्यांवर उतरलं. सगळं झोपेत घडावं तसं संथ झालं. पाणी वाहत होतं, पण आवाज येत नव्हता. चार वाक्यं. एक बुडी. मग वडिलांना पत्र. कुणाला काही कळणार नव्हतं. म्हाताऱ्याने हे गुपित मरेपर्यंत आनंदाने जपलं असतं.

"काय झालं?" काठावरून पार्क ओरडला. "पुढे म्हण!"

हॅन्सनचा हात अजून वरच होता. तो आता शिशासारखा जड झाला होता. काय करावं, हे त्याने देवाला विचारलं नाही. उत्तर आधीच मिळालं होतं, आणि ते त्याला नको होतं.

त्याने हात खाली आणला.

"चला दत्तोबा, बाहेर जाऊ."

"माजं काय चुकलं का, सायेब?"

"तुमचं नाही. माझं चुकत होतं."

एकमेकांचा दंड धरून दोघे काठावर आले. पार्कने टॉवेल दिले आणि तोंड फिरवलं. हॅन्सन ओल्या दगडावर बसला. तीन आठवड्यांनी त्याचं जहाज सुटणार होतं. त्याला रडू येत नव्हतं. नुसतं हलकं वाटत होतं, तापातून उठल्यासारखं.

वर गेलेला हात बुडी न देताच खाली आलेला इंद्रायणीने पाहिला होता. ती उठली. गाठोडं तिने बाभळीखालीच ठेवलं. हॅन्सन घरी आला की ती पदर ओढून आत जायची. चाळीस दिवस तिने पट्टीसाठी ऊन पाणी उंबऱ्यावर आणून ठेवलं होतं, पण त्याच्याशी शब्द बोलली नव्हती. आता तिने आधी नवऱ्याचं डोकं पदराने खसाखसा पुसलं. मग ती हॅन्सनच्या समोर जमिनीवर येऊन बसली.

"हंसराव," ती म्हणाली, "तुमचा हात ज्यानं खाली आनला, त्यो कोन? त्याची गोष्ट सांगा मला. मी ऐकती."