न अडखळता

सातव्या कलमापाशी किंगा वाचता वाचता थांबली. स्तेफानिया आजींचं घर, मागची चेरीची बाग आणि विहीर आजपासून त्यांच्या भाच्याच्या ताब्यात, असं त्यात सरळ लिहिलं होतं. आजींच्या खोलीचा उल्लेख पुढेमागे कुठेच नव्हता.

आणि समोर बसलेल्या आजी तर अर्ध्या तासापूर्वी बाहेरच्या बाकावर तिला कौतुकाने सांगत होत्या, "खालची खोली मरेपर्यंत माझीच. रादेकने शब्द दिलाय. थंडीसाठी नवी शेगडी बसवून देणार आहे." रादेक म्हणजे हाच भाचा. तो शेजारी बसून घड्याळ बघत होता.

पोलंडमधल्या या तार्नूव गावात घराचं खत नोटरीच्या कचेरीत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावं लागतं, मगच सह्या होतात. मुरलेले लोक ते असं भरधाव वाचतात की ऐकणाऱ्याला जेमतेम स्वतःचं नाव कळतं. आज वाचायचा मान किंगाचा होता. आठ वर्षं तिने इथे खर्डेघाशी केली होती. आजचं काम बिनबोभाट पार पडलं, तर सोमवारी दारावरच्या लाल पाटीवर लिदिया मॅडमच्या नावाखाली तिचं नाव लागणार होतं.

लिदिया मॅडम टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. या गावात स्वतःची कचेरी थाटणारी पहिली बाई. सकाळीच त्यांनी किंगाला बजावलं होतं, "पुरुष थांबला की लोकांना वाटतं, विचार करतोय. बाई थांबली की वाटतं, हिला येत नाही. वाचायला बसलीस की थांबायचं नाही. कीव करायची असेल तर घरी जाऊन कर."

आता त्यांनी चष्म्यावरून एकदाच पाहिलं. खत त्यांनीच तयार केलं होतं. त्यात काय नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काय झालं?" रादेकने विचारलं.

"काही नाही," किंगा म्हणाली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती घोटभर पाणी प्यायली आणि वाचू लागली. सातवं, आठवं, नववं. आवाज कुठेही कापला नाही.

आजींनी एकेक अक्षर गिरवत सही केली. मॅडमनी शिक्का मारला आणि किंगाच्या खांद्यावर हात ठेवला. "झालीस तयार." रादेक गाडी काढायला लगबगीने बाहेर गेला.

कोट चढवून आजी किंगाजवळ आल्या. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"पोरी, तुझं भलं होवो. गेल्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या कचेरीत गेलो होतो. तिथली बाई वाचता वाचता मध्येच थांबली. सारखी मला विचारत राहिली, 'आजी, उद्यापासून तुम्ही राहणार कुठे?' मला तर धडकीच भरली. रादेकने हाताला धरून बाहेर आणलं मला. तू कशी, पाण्याचा घोट घेतलास आणि सगळं सलग वाचलंस. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला."