दुसरं भोक

काली शहरातल्या दारूच्या गुत्त्यात विल्मारच्या हृदयात सुरा घुसला, तरी डॉक्टर मार्लेनींनी टाके घालून त्याला वाचवलं. कोणी भोसकलं, हे नशेमुळे त्याला आठवतच नव्हतं. त्याचा दोस्त एलिएसेर रोज कोंबडीचं गरमागरम सूप घेऊन हजर.

"सख्खा भाऊ एवढं करत नाही हो!" विल्मारची बायको डोळे पुसायची. असा दोस्त मिळायला नशीब लागतं, असं मार्लेनींनाही वाटायचं.

महिन्याभराने हृदयातून वेगळाच आवाज येऊ लागला. मार्लेनींनी सगळ्यांदेखत सांगितलं, "बाहेरचं भोक बुजलंय. पण आतल्या पडद्यालाही एक भोक सापडलंय. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

एलिएसेर सुपाचा डबा आपटून ताडकन उठला.



"दुसरं माझ्या माथी मारू नका, डॉक्टरीणबाई! सुरा मी एकदाच खुपसला होता!"