बाकामागचा भोंगा

"पुन्हा तेच," कोच स्वतःशी म्हणाला.

भाचीनं चेंडू डोक्यावरून मागे सोडला होता. चाल बेमालूम होती. तरी समोरच्या दोन उंच मुली नेमक्या तिथंच हात वर करून उभ्या. फटका त्यांच्या तळव्यांवर आपटला आणि जाळीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला पडला.

ही चाल फक्त दोघांना ठाऊक होती. कोच बाकावरून गुडघ्याखाली बोटांनी खूण करायचा. भाची व्हॉलीबॉल संघाची कर्णधार. ती खूण बघायची आणि कुणाला चेंडू उचलून द्यायचा ते ठरवायची. खुणा दर सामन्याला बदलायच्या. तरी या मोसमात समोर कुणीही असो, निम्म्या चाली त्यांना आधीच कळत होत्या. कुणीतरी फितूर होतं.

कोचनं मान वळवली. बाकाच्या थेट मागे, पहिल्या रांगेत, त्याचे भाऊजी बसले होते. म्हणजे कर्णधाराचे वडीलच. सगळा हॉल त्यांना भोंगा म्हणायचा. एकदा सुरू झाले की खिडक्यांची तावदानं थरथरायची. बाकीचे प्रेक्षक मग त्यांच्या मागोमाग घसा फोडायचे.

आता मात्र ते बाटली तोंडाला लावून पाणी पीत होते.

कोचच्या मनात तिथं पहिल्यांदा पाल चुकचुकली.

पुढचे दोन सामने त्यानं अर्धा डोळा खेळावर ठेवला आणि अर्धा मागे. भोंगा ओरडत असला की सगळं सुरळीत. तो गप्प झाला रे झाला, की घात. म्हणजे गप्प बसणं हीच त्याची खूण! शिवाय सेट संपून बाजू बदलली की हा माणूस आपली पिशवी उचलून, लोकांचे पाय तुडवत, पुन्हा बरोबर त्यांच्या बाकामागे यायचा. आणि अंतिम सामना ज्यांच्याशी होता, त्याच क्लबकडून भाऊजी तरुणपणी खेळले होते.

हरलं तर आपला संघ बरखास्त होणार होता. पदाधिकाऱ्यांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं.

बहिणीच्या नवऱ्याला चोर म्हणायचं कसं? कोचनं वेगळा मार्ग काढला. यजमान संघाला बंद दाराआड सामना खेळवता येत असे. त्यानं तशी मागणी केली. प्रेक्षकच नकोत.

संध्याकाळी भाऊजी घरी आले. चपलाही न काढता दारातच उभे राहिले.

"मला एकट्याला बाहेर ठेव हवं तर. बाकीच्यांना बसू दे."

"तुमचं कुणी नाव घेतलं?"

"नाही घेतलं. पण गोंगाट हवा रे. खेळ आहे, परीक्षा नाही."

"गोंगाट कुणाला हवा, भाऊजी? आपल्याला की त्यांना?"

भाऊजींनी जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाले, "तुझ्या नाकावरच्या रागापुढे कोण बोलणार?" आणि जिना उतरून गेले.

त्याची खात्रीच पटली. निरपराध माणूस असा निमूट जातो होय?

सामन्याआधी भाची बुटांच्या नाड्या बांधताना म्हणाली, "मामा, एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"वडिलांची वकिली करायची असेल तर नको."

तिनं नाडीची गाठ ओढली आणि ती मैदानात गेली.

हॉल ओस पडला होता. बुटांची करकर, चेंडूचा धप्प आवाज, पंचांची शिट्टी. बाकी काही नाही. गुणलेखकाच्या टेबलापलीकडे समोरच्या संघाचा बाक. तिथं त्यांच्या प्रशिक्षक बाई मांडीवर हात ठेवून शांत बसल्या होत्या.

"मागून, उजवीकडे," कोच स्वतःशी म्हणाला आणि दोन बोटं खाली केली.

त्या दोघी उजवीकडे हजर.

"आता मधून. पटकन."

तिघी मधे.

पहिला सेट गेला. कोचनं मान वळवली. मागे रिकाम्या खुर्च्या. मग सांगतंय कोण? त्याची नजर हळूहळू भाचीवर येऊन थांबली. ती खुणेकडे बघायचंच टाळत होती. खूण झाली की डोळे मिटून घेत होती.

दुसरा सेट हातचा जात असताना त्यानं टाइमआउट घेतला. भाची तडक त्याच्यापाशी आली.

"मामा, तू जरा बाहेर जाऊन बसतोस?"

"म्हणजे तुला रान मोकळं?"

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. बाकीच्या मुली जमिनीकडे बघत राहिल्या. सगळ्याच सामील दिसतायत, कोचच्या मनात आलं. तो बाकावर घट्ट बसून राहिला.

तिसरा सेट तर बघवत नव्हता. पाठीमागून भोंग्याची एक आरोळी यावी असं वाटून गेलं, आणि त्या वाटण्याचीच त्याला चीड आली.

शेवटची शिट्टी झाली. भाची जाळी धरून उभी राहिली. समोरच्या बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी अदबीनं हात पुढे केला.

"प्रेक्षक नव्हते ते आमच्या पथ्यावर पडलं," त्या म्हणाल्या. "एरवी तुमच्या मागचे ते गृहस्थ ओरडायला लागले, की तुम्ही बाकावर काय बोलताय, ते आमच्या मुलींना धड ऐकूच यायचं नाही."