जुना हॉर्न

विलायतेला निघालेल्या पोलीस साहेबाची दोन सीटांची, मागं झाकणाखाली एक जादा सीट असलेली मोटार प्रभुदास मास्तरांनी विकत घेतली. लाल रंग दिला, टायर बदलले. हॉर्न मात्र ऐटबाज म्हणून जुनाच ठेवला.

खर्ड्याच्या वेशीत इंजिन तापून वाफा निघायला लागल्या. पाण्यासाठी मास्तरांनी हॉर्न वाजवला, तर धडाधड दारं लागली. हाकेला कुणी ओ देईना. इंजिन जाम होणार म्हणून मास्तर पुन्हा पुन्हा हॉर्न वाजवत राहिले.

तेवढ्यात एक म्हातारी तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन धावत आली. मास्तरांनी तांब्यासाठी हात पुढे केला. ती त्यांना ओलांडून मागं गेली आणि मागच्या सीटच्या बंद झाकणावर तिनं हात ठेवला.

"बेचाळीसला ह्यातच बसवून नेलं हुतं माज्या लेकाला," ती म्हणाली. "उघडा. ववाळून घरात घेते."